फाटकाजवळ गाडी मुकी का राहते? ओपन रेल्समधील आपोआप हॉर्नच्या बिघाडाचे निवारण

परभणी ते परळी वैजनाथ या मार्गाची प्रतिकृती आम्ही काही मित्र संगणकावर रेल्वेगाड्या चालवण्याच्या ओपन रेल्स या सिम्युलेटरसाठी हौसेने तयार करत आहोत. पोखर्णी, गंगाखेड, वडगाव निळा, उखळी ही स्थानके, मधली काळी जमीन, बाभळी आणि उसाच्या ट्रॉल्या उभ्या असलेली फाटके हे सगळे पडद्यावर उतरवायला फार वेळ लागला. या कामात ज्या एका बिघाडासाठी मला सर्वांत जास्त वेळा फोन आले, तो म्हणजे एआय गाड्यांचा हॉर्न फाटकाजवळ आपोआप न वाजणे. एआय गाड्या म्हणजे आपण न चालवता संगणक चालवतो त्या गाड्या. नांदेड, लातूर आणि जालना येथील मित्रांच्या संगणकांवर हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता लक्षण ऐकले तरी कोठून सुरुवात करायची हे बहुतेक वेळा समजते. तोच क्रम येथे सविस्तर लिहीत आहे.

आमच्या भागात सपाट रानात गाडी दिसण्याच्या आधी तिचा भोंगा ऐकू येतो, आणि फाटकाजवळ थांबलेला माणूस त्या आवाजावरूनच गाडी किती लांब आहे याचा अंदाज बांधतो. त्यामुळे प्रतिकृतीतील गाडी मुक्याने फाटक ओलांडून गेली, तर बाकीचे सगळे काम कितीही नेटके असले तरी तो मार्ग आपला वाटत नाही.

आधी लक्षणे नीट ओळखा

सर्वाधिक आढळणारे लक्षण असे की आपण चालवत असलेल्या गाडीचा हॉर्न स्पेसबार दाबल्यावर व्यवस्थित वाजतो, परंतु समोरून येणारी एआय गाडी एकाही फाटकावर हॉर्न देत नाही. दुसऱ्या प्रकारात हॉर्न काही फाटकांवर वाजतो आणि काहींवर वाजत नाही, आणि प्रत्येक फेरीत तीच तीच फाटके मुकी राहतात. तिसरे लक्षण पाहून लोक सर्वांत जास्त गोंधळतात, कारण त्यात हॉर्न वाजायच्या ऐवजी गाडीच फाटकाच्या अलीकडे उभी राहते आणि हलायचे नाव घेत नाही.

काही जणांना बाहेरच्या कॅमेऱ्यातून हॉर्न ऐकू येतो, पण स्वतःच्या केबिनमध्ये बसल्यावर समोरच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही. काहींच्या बाबतीत एकदा सुरू झालेला हॉर्न थांबतच नाही, किंवा एखाद्या शब्दाचे शेवटचे अक्षर गिळावे तसा मध्येच तुटतो. शेवटचे लक्षण सौम्य आहे: हॉर्न वाजतो, परंतु फार उशिरा आणि दोन-चार सेकंदच वाजतो, त्यामुळे तो आपल्याकडच्या गाडीचा वाटत नाही.

यांपैकी आपले लक्षण कोणते, हे कागदावर लिहून ठेवावे आणि त्यासोबत फाटकाचे ठिकाण, गाडीचे नाव आणि आपण त्या वेळी कोणत्या कॅमेऱ्यात होतो हेही नोंदवावे. फोनवर मला प्रत्येक जण ‘हॉर्न वाजत नाही’ एवढेच सांगतो, पण वरच्या सहा लक्षणांची कारणे निरनिराळी आहेत, आणि चुकीच्या ठिकाणी हात घातला की चांगली चालणारी फाइलसुद्धा बिघडते.

एक रुपयाही खर्च न करता होणाऱ्या तपासण्या

सर्वप्रथम ओपन रेल्सच्या मेनूतील पर्यायांमध्ये ध्वनीचा विभाग उघडावा. तेथे एकूण आवाजाची पातळी, ध्वनीच्या तपशिलाची पातळी आणि बाहेरचा आवाज आत किती टक्के ऐकू यावा, अशा तीन गोष्टी दिसतात. जुन्या संगणकावर वेग वाढावा म्हणून कोणीतरी ध्वनीचा तपशील अगदी खाली आणून ठेवलेला असतो, आणि मग काही आवाज मुळात सुरूच होत नाहीत. तिसरी गोष्ट तर केबिनमध्ये बसून हॉर्न ऐकू न येण्याच्या तक्रारीचे थेट उत्तर असते, कारण हा आकडा शून्याजवळ असेल तर समोरून जाणारी गाडी कितीही जोरात वाजली तरी आपल्यापर्यंत काही पोहोचत नाही. ही तपासणी पहिली ठेवण्याचे कारण इतकेच की तिला दोन मिनिटे लागतात आणि तिच्यामुळे काहीही बिघडू शकत नाही.

त्यानंतर आपल्या गाडीत बसून स्पेसबार दाबावा, मग २ ही कळ दाबून बाहेरच्या कॅमेऱ्यात जावे आणि पुन्हा स्पेसबार दाबावा. केबिनमध्ये वाजणारा हॉर्न आणि बाहेर वाजणारा हॉर्न यांच्या ध्वनिफाइली वेगवेगळ्या असतात. केबिनमध्ये हॉर्न वाजला पण बाहेर वाजला नाही, तर दोष इंजिनाच्या बाहेरच्या ध्वनिफाइलीत आहे हे येथेच निश्चित होते आणि मधल्या दोन-तीन तपासण्या वाचतात. एआय गाडीच्या केबिनमध्ये आपण कधीच बसलेलो नसतो, त्यामुळे तिच्या बाबतीत बाहेरचीच फाइल उपयोगी पडते. मात्र ही चाचणी एआय गाडीला जे इंजिन लावले आहे तेच इंजिन स्वतः चालवून घ्यावी, अन्यथा तिचा काही उपयोग नाही.

तिसरी फुकट तपासणी म्हणजे लॉग, म्हणजे सिम्युलेटरची स्वतःची नोंदवही. ओपन रेल्स प्रत्येक वेळी डेस्कटॉपवर एक लॉग फाइल लिहून ठेवते. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते आणि तिच्यात माहिती, इशारा आणि चूक अशा तीन प्रकारच्या ओळी असतात. आपल्या इंजिनाच्या फोल्डरचे नाव त्यात शोधावे. एखादी ध्वनिफाइल सापडली नाही, किंवा एखाद्या फाइलीत कंस जुळत नाही, असा उल्लेख दिसला तर तो पहिल्यांदा दुरुस्त करावा. लॉग न वाचता पुढे जाणाऱ्यांनी माझ्यासमोर पुष्कळ संध्याकाळी वाया घालवल्या आहेत, म्हणून या तपासणीबद्दल मी आग्रही आहे.

गाडीला हॉर्न द्यायला सांगितले आहे का?

एकाही फाटकावर हॉर्न नसेल, तर बहुतेक वेळा कारण येथेच सापडते. फाटकावर हॉर्न देणे ही एआय गाडीची जन्मजात सवय नाही, आणि ती सोय प्रत्येक ॲक्टिव्हिटीच्या, म्हणजे ठरलेल्या गाड्या आणि वेळा असलेल्या एका फेरीच्या, फाइलीत स्वतंत्रपणे सुरू करावी लागते. त्यासाठी ॲक्टिव्हिटीच्या फाइलीत एक ओळ लिहायची असते. तिचे नाव ‘ओआरटीएस’, ‘एआय’, ‘हॉर्न’, ‘ॲट’ आणि ‘क्रॉसिंग्ज’ हे पाच तुकडे इंग्रजी अक्षरांत मध्ये जागा न सोडता सलग जोडून होते, आणि त्यापुढे कंसात १ हा आकडा द्यायचा असतो. ‘नेक्स्ट ॲक्टिव्हिटी ऑब्जेक्ट यूआयडी’ या नावाची जी ओळ फाइलीत आधीपासून असते, तिच्या लगेच खाली ही ओळ यायला हवी. ती दुसऱ्याच एखाद्या कंसाच्या पोटात जाऊन बसली, तर वाचणाऱ्याला ती दिसते पण सिम्युलेटरला दिसत नाही.

फाइल उघडण्यापूर्वी तिची एक प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवावी. या फाइली मूळ मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरच्या, म्हणजे २००१ सालच्या पद्धतीच्या आहेत आणि त्या यूटीएफ-१६ या प्रकारात साठवलेल्या असतात. नोटपॅडमध्ये बदल करून साठवताना तोच प्रकार कायम ठेवावा, आणि ‘सिमिसा’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या पहिल्या ओळीला हात लावू नये. सिम्युलेटरचा सगळा साठा प्रोग्राम फाइल्स या फोल्डरमध्ये ठेवला असेल, तर विंडोज तेथे सहजासहजी लिहू देत नाही आणि आपण केलेला बदल जागेवर पोहोचतच नाही, म्हणून साठा दुसऱ्या ड्राइव्हवर साध्या फोल्डरमध्ये ठेवणे बरे.

ओळ एकदा लिहिली म्हणजे ती कायमची राहते, असेही समजू नये. लातूरच्या एका मित्राकडे दर पंधरा दिवसांनी हाच बिघाड परत येत असे. शेवटी त्याच्या शेजारी बसून पाहिले, तेव्हा तो गाड्यांच्या वेळा बदलण्यासाठी तीच ॲक्टिव्हिटी मूळ सिम्युलेटरच्या जुन्या संपादकात उघडून साठवत होता असे लक्षात आले. त्या संपादकाला ओपन रेल्सच्या ओळी ओळखीच्या नसल्याने साठवताना तो त्या गाळून टाकत होता. बिघाड ‘अधूनमधून’ येतो असे वाटत असेल, तर ती फाइल शेवटची कोणी, केव्हा आणि कशात उघडली, हा प्रश्न आधी विचारावा.

याच ठिकाणी आणखी एक छोटी गोष्ट पाहून घ्यावी. अमेरिकेतील मार्गासाठी केलेली ॲक्टिव्हिटी नमुना म्हणून उतरवून घेतली असेल, तर तिच्यात हॉर्नची अमेरिकी पद्धत ठरवणारी आणखी एक ओळ असू शकते. मग आपली पॅसेंजर गंगाखेडजवळ लांब, लांब, आखूड, लांब असा हॉर्न देत जाते. ती ओळ काढून टाकली की फाटकावर दोन ते पाच सेकंदांचा एकच हॉर्न मिळतो.

फाटक खरोखर फाटक आहे का?

आता तीच तीच फाटके मुकी राहण्याच्या तक्रारीकडे येऊ. पडद्यावर रस्ता रुळांना छेदून जातो, दोन्ही बाजूंना लाल-पांढरे दांडे उभे दिसतात, कडेला गेटमनची खोली असते, आणि तरीही सिम्युलेटरच्या लेखी तेथे फाटक नसते. मार्ग तयार करणाऱ्याने रस्ता आणि दांडे केवळ देखाव्याच्या वस्तू म्हणून ठेवले असतील आणि रुळांवर लेव्हल क्रॉसिंगची नोंद केली नसेल, तर एआय गाडीच्या दृष्टीने ती नुसती मोकळी लाइन असते. अशा ठिकाणी वरची ओळ बरोबर असूनही हॉर्न वाजणार नाही.

हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे गाडी येताना दांडे खाली येतात का ते पाहणे. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे ओपन रेल्ससोबत येणारा ट्रॅकव्ह्यूअर उघडून तो मार्ग नकाशावर पाहणे, कारण खरी लेव्हल क्रॉसिंग त्यात स्पष्ट दाखवलेली असतात. आमच्या मार्गावर वडगाव निळ्याच्या पुढे एक गाडीवाट रुळांवरून जाते, असे आम्ही दाखवले होते. तेथे बैलगाडीसुद्धा मोठ्या हौसेने ठेवली होती, पण ट्रॅकव्ह्यूअरमध्ये त्या जागी काहीच नव्हते. अशा वेळी मार्गाच्या मूळ नोंदींना हात लावण्याची गरज नसते, कारण पुढे सांगितलेल्या वेटिंग पॉइंटने तेच काम सुरक्षितपणे होते.

वेटिंग पॉइंटचे आकडे, आणि ६०० मीटरचा हिशेब

एआय गाडीच्या पाथमध्ये, म्हणजे तिच्या ठरवून दिलेल्या वाटेवर, वेटिंग पॉइंट ठेवता येतात. त्यात साधा आकडा दिला तर गाडी तितके सेकंद तेथे थांबते. परंतु ६००११ ते ६००२० या आकड्यांना ओपन रेल्स वेगळा अर्थ देते: ६००११ म्हणजे एक सेकंद हॉर्न, ६००१२ म्हणजे दोन सेकंद, आणि असे करत ६००२० म्हणजे दहा सेकंद. या आकड्यांवर गाडी थांबत नाही, तर त्या जागेवरून जाताना हॉर्न देत पुढे निघून जाते.

फाटकाअलीकडे गाडी उभी राहण्याच्या लक्षणाचे उत्तर येथेच आहे. माझ्या भाच्याने जालन्याहून फोन केला की तपोवन एक्स्प्रेस एका फाटकाच्या अलीकडे उभी आहे आणि मागच्या सगळ्या गाड्या अडकल्या आहेत. पाथ उघडून पाहिला, तर वेटिंग पॉइंटमध्ये ६००११ ऐवजी ६०११ लिहिले होते. एक शून्य गळाल्यामुळे गाडीला १ तास ४० मिनिटे ११ सेकंद थांबण्याचा हुकूम मिळाला होता, आणि ती तो इमाने पाळत होती. तोच पाथ मूळ मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरमध्ये वापरला, तर बरोबर लिहिलेला ६००११ हा आकडासुद्धा तेथे थांब्याचे सेकंद म्हणूनच वाचला जातो आणि गाडी १६ तास ४० मिनिटे ११ सेकंद अडकते. म्हणून हॉर्नचे पाथ फक्त ओपन रेल्ससाठी वेगळे ठेवावेत आणि नावातच तशी खूण करावी.

आता हॉर्न उशिरा आणि अपुरा वाजण्याच्या तक्रारीबद्दल. आपल्या रेल्वेत फाटकाच्या ६०० मीटर अलीकडे पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘सी/फा’ असे लिहिलेले असते, म्हणजे सीटी आणि फाटक. लोको पायलटने त्या पाटीपासून पुढे हॉर्न देत फाटकाकडे यायचे असते. दोन ते पाच सेकंदांचा एक हॉर्न ही गरज भागवू शकत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २७.८ मीटर जाते, त्यामुळे ६०० मीटर अंतर कापायला तिला जवळजवळ २२ सेकंद लागतात. एका वेटिंग पॉइंटवर जास्तीत जास्त दहा सेकंद मिळतात, म्हणून एकाहून अधिक पॉइंट लावावे लागतात.

माझी पद्धत अशी आहे की जलद गाडीसाठी फाटकापासून ६००, ४०० आणि २०० मीटरवर तीन पॉइंट ठेवावेत आणि प्रत्येकाला ६००१६ हा आकडा द्यावा. २०० मीटर जायला ७.२ सेकंद लागतात, त्यातले सहा सेकंद हॉर्न वाजतो आणि मध्ये जेमतेम सव्वा सेकंदाची उसंत राहते. ऐकताना लोको पायलटने हात क्षणभर उचलून पुन्हा दाबल्यासारखे वाटते. ताशी ५० किलोमीटरने जाणाऱ्या मालगाडीला हीच मांडणी लावली, तर २०० मीटरला १४.४ सेकंद लागतात आणि सहा सेकंदांच्या हॉर्ननंतर आठ सेकंदांहून अधिक काळ शांतता राहते, जे कानाला खटकते. तिच्यासाठी १५० मीटरच्या अंतराने चार पॉइंट आणि प्रत्येकाला ६००२० हा आकडा योग्य ठरतो, कारण १५० मीटरला तिला १०.८ सेकंद लागतात. म्हणजे जलद आणि संथ गाड्यांना एकच पाथ देऊन चालत नाही, आणि हा थोडा जास्तीचा व्याप करणे मला तरी आवश्यक वाटते. स्थानकाला लागून असलेल्या फाटकावर गाडी नुकतीच सुटलेली असते, म्हणून तेथे वेळापत्रकातील वेग न धरता, गाडी प्रत्यक्षात किती वेगाने तेथून जाते ते एकदा पाहून हिशेब करावा.

स्थानकातून सुटताना गाडीने हॉर्न द्यावा असे वाटत असेल, तर थांब्याच्या साध्या पॉइंटनंतर काही मीटरवर त्याच रुळाच्या तुकड्यात हॉर्नचा पॉइंट ठेवावा. मात्र आपल्या आवृत्तीच्या पर्यायांमध्ये एआय शंटिंगची, म्हणजे एआय गाड्यांच्या डबे जोडण्या-सोडण्याच्या हालचालींची, विस्तारित सोय दिसत असेल, तर या वापरासाठी ती सुरू ठेवावी.

वेटिंग पॉइंट लावल्यावर त्याच खऱ्या फाटकावर ॲक्टिव्हिटीतील ओळीमुळे मिळणारा हॉर्नसुद्धा वाजतो आणि दोन्ही एकमेकांवर येतात. सगळ्या फाटकांना पॉइंट दिले असतील तर ती ओळ काढावी, आणि केवळ काही फाटकांना दिले असतील तर ऐकून ठरवावे.

इंजिनाची ध्वनिफाइल

इथपर्यंत सगळे बरोबर असूनही एखाद्या विशिष्ट इंजिनाची गाडी मुकी राहत असेल, तर त्या इंजिनाच्या ध्वनिफाइलीकडे वळावे. हे काम अवघड नाही, पण एका चुकीच्या कंसाने इंजिनाचे सगळे आवाज बंद होऊ शकतात, म्हणून ते मी मागे ठेवले आहे.

इंजिनाच्या फाइलीत आवाजाचा उल्लेख दोन ठिकाणी येतो. डब्याशी संबंधित भागात बाहेरच्या आवाजाची फाइल आणि इंजिनाच्या भागात केबिनच्या आवाजाची फाइल नोंदलेली असते. बाहेरची फाइल उघडावी आणि तिच्यात ‘डिस्क्रीट ट्रिगर’, म्हणजे ठरावीक घटनेला आवाज जोडणाऱ्या नोंदी, ८ आणि ९ आहेत का ते शोधावे. ८ म्हणजे हॉर्न सुरू आणि ९ म्हणजे हॉर्न बंद. १० आणि ११ हे आकडे घंटेचे आहेत, आणि परदेशी इंजिनाचा आवाज आपल्या इंजिनाला जोडताना अनेक जण घंटेचा भाग ठेवून चुकून हॉर्नचा भाग पुसतात.

८ असून ९ नसेल, तर एकदा सुरू झालेला हॉर्न थांबत नाही. आमच्या एका डब्ल्यूडीएम-३ए इंजिनाचे असेच झाले होते. गाडी फाटक ओलांडून पुढच्या वळणाआड गेली तरी भोंगा चालूच राहिला. फाइल पाहिली तर ९ क्रमांकाची ओळ होती, पण तिच्या शेवटचा कंस आधीच्या ओळीत अडकल्यामुळे ती वाचली जात नव्हती.

त्याच फाइलीच्या सुरुवातीला आवाज केव्हा सुरू व्हावा याच्या अटी असतात. तेथे फक्त बाहेरच्या कॅमेऱ्याचा उल्लेख असेल आणि केबिनच्या कॅमेऱ्याचा नसेल, तर आपण केबिनमध्ये असताना समोरच्या गाडीचा आवाज मिळत नाही. तेथेच मीटरमध्ये एक अंतरही दिलेले असते. हे अंतर ५०० असेल आणि आपण फाटकावर उभे राहून ऐकत असू, तर ६०० मीटरवर सुरू झालेल्या हॉर्नचे पहिले शंभर मीटर आपल्याला ऐकूच येत नाहीत, आणि आपण उगाच वेटिंग पॉइंट मागे-पुढे सरकवत बसतो. मी हे अंतर १००० किंवा त्याहून थोडे अधिक ठेवतो.

शेवटी मूळ आवाजाची वेव्ह फाइल. ओपन रेल्स ओपनएएल या ध्वनिप्रणालीवर चालते, आणि त्यात अंतरानुसार कमी-जास्त होण्यासाठी आवाज मोनो असावा लागतो. स्टिरिओ फाइल दिली, तर अंतराचा हा परिणाम नीट मिळेलच असे नाही, म्हणून हॉर्नची फाइल मोनोच ठेवावी. दुसरी बाब म्हणजे हॉर्नच्या फाइलीत दोन खुणा असतात आणि हॉर्न दाबलेला असेपर्यंत मधला भाग त्या खुणांच्या दरम्यान पुन्हा पुन्हा वाजत राहतो. काही ध्वनिसंपादकांत फाइल साफ करून साठवली की या खुणा पुसल्या जातात, आणि मग हॉर्न प्रत्येक फेरीला सुरुवातीपासून ओरडल्यासारखा तुटक ऐकू येतो. साठवण्यापूर्वी खुणा टिकतात का याची खात्री करावी, नाहीतर मूळ फाइलच वापरावी.

खऱ्या हॉर्नचे ध्वनिमुद्रण हवे म्हणून कोणी रुळांवर किंवा फाटक बंद असताना दांड्याखालून जाऊ नये. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे, आणि गाडीकडे पाठ करून यंत्र सांभाळणाऱ्या माणसाला दुसऱ्या बाजूने आलेली गाडी समजत नाही. फाटकाच्या बाहेर रस्त्याच्या कडेला उभे राहून मिळणारा आवाज पुरेसा असतो, आणि फाटकावर आपल्याला तसाच आवाज ऐकवायचा असतो.

प्रत्येक बदलानंतर संपूर्ण फेरी चालवण्याची गरज नाही. चाचणीसाठी एक छोटी ॲक्टिव्हिटी करावी, जिच्यात आपली गाडी फाटकाजवळ उभी असेल आणि एआय गाडी दोन-तीन मिनिटांत तेथे पोहोचेल. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकत्र केले आणि हॉर्न वाजला, तरी कोणत्या बदलाने वाजला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी तोच शोध पुन्हा घ्यावा लागतो.

कोठे थांबावे

लॉगमध्ये रुळांच्या डेटाबेसच्या चुका दिसत असतील, किंवा फाटकाजवळ येताच सिम्युलेटर बंद पडत असेल, तर तेथेच थांबावे. रुळांच्या डेटाबेसची फाइल हाताने दुरुस्त करू नये. तिच्यातले क्रमांक एकमेकांना बांधलेले असतात, एक बदलला की सिग्नल, स्थानके आणि पाथ सगळेच विस्कटतात, आणि ते सावरणे मार्ग नव्याने करण्याइतके अवघड असते. ज्याने मार्ग तयार केला त्याला किंवा मार्गबांधणीचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या व्यक्तीलाच हे काम सांगावे. नसलेले लेव्हल क्रॉसिंग नव्याने बसवायचे असेल, तरी हाच नियम लागू होतो.

संगणकावर दुसऱ्या कोणत्याही कार्यक्रमाचा आवाज येत नसेल, आवाज येताना खरखर होत असेल, किंवा वीज जाऊन आल्यानंतर ध्वनी बंद झाला असेल, तर दोष सिम्युलेटरचा नाही. ड्रायव्हर पुन्हा बसवून एकदा पाहावे, दुसरा हेडफोन लावून पाहावा, आणि तरीही फरक पडला नाही तर संगणक दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाकडे न्यावा. कॅबिनेट उघडून वीजपुरवठ्याच्या डब्याला हात लावू नये, कारण त्यात प्लग काढल्यानंतरही काही काळ विद्युतभार राहतो.

ज्याच्याकडे मदत मागायची त्याला डेस्कटॉपवरील लॉग, ॲक्टिव्हिटीची फाइल, त्या गाडीचा पाथ आणि इंजिनाचा संपूर्ण फोल्डर एकत्र पाठवावा, आणि सुरुवातीला कागदावर लिहिलेले लक्षण, फाटकाचे ठिकाण व कॅमेरा हे तिन्ही त्यासोबत कळवावे.